सातवी सूचना

३ फेब्रुवारी, सोमवार

आता बुटांचा रंगसुद्धा महाविद्यालय ठरवणार!

टिटवीच्या पदवीदान समारंभाच्या दोन प्रवेशिका आज आल्या. एक तिच्या आईला, म्हणजे माझ्या ताईला. एक मामाला, म्हणजे मला. भाचीचं खरं नाव सोनेरी अक्षरांत छापलेलं पाहून क्षणभर वाटलं, ही कोण बुवा? बोलायला लागल्यापासून थांबलेली नाही म्हणून टिटवी. हे नाव मीच ठेवलं आणि खरं नाव घरात कधी रुजलंच नाही.

प्रवेशिकांना टाचणीने एक कागद जोडलेला — 'पाहुण्यांच्या पोशाखाबाबत सूचना'. चपला नकोत. बूट काळे किंवा तपकिरी. चमकणारे कपडे नकोत. मागच्याच्या नजरेला आडवं येईल असं डोक्यावर काही नको. उग्र अत्तर नको. नखशिखांत काळा पोशाख नको, कारण काळा रंग पदवीधरांच्या झग्यांचा. आमच्या संस्कृत पाठशाळेत गुरुजी परब्रह्म असंच समजावून द्यायचे — हे नव्हे, ते नव्हे, तेही नव्हे. उरेल ते ज्याचं त्याने ओळखावं. आणि अतिथी म्हणजे ज्याची तिथी ठरलेली नसते तो. यांनी तिथी ठरवली, वेळ ठरवली, आता पायापर्यंत पोचले.

इथवर हसत होतो. मग सातवी सूचना वाचली. जशीच्या तशी उतरवतो, मी पदरचं घातलं असं कोणी म्हणायला नको:

'कामावरच्या गणवेशात कोणीही पाहुण्यांच्या आसनावर बसू नये. महाविद्यालयाचे सेवक पालक म्हणून येत असतील, तर त्यांनाही हा नियम लागू आहे.'

यंदा असा सेवक-पालक एकच आहे. ताई! त्या सभागृहाच्या खुर्च्या, पडदे, पंखे, माईक, सगळं तिच्या हाताखालून जातं. टिटवीचे वडील गेले तेव्हा टिटवी रांगत होती. तेव्हापासून ताईने महाविद्यालयाच्या सेवकांचा राखाडी कोट अंगावर चढवला तो आजतागायत. या कोटाच्या जिवावर मुलगी शिकली. आणि आता म्हणे कोट चालणार नाही. कुणाच्या डोळ्यांत खुपतो तो?

ताईला कागद वाचून दाखवला. ती कोटाची पापडासारखी झालेली कॉलर दाबून इस्त्री करत होती. म्हणाली, "बरं आहे की."

बरं आहे!

४ फेब्रुवारी, मंगळवार

दिवसभर सातवी सूचना डोक्यात. नगरपालिकेच्या बैठकीचं वार्तांकन करताना पाणीपट्टीऐवजी 'पोशाखपट्टी' लिहिलं. संपादक म्हणाले, "हा कुठला नवा कर?"

६ फेब्रुवारी, गुरुवार

टिटवीला विचारलं, तुझ्या महाविद्यालयाची ही काय रीत? ती घाईत होती, झग्याचं माप द्यायला निघालेली. "मामा, तू जे घालशील ते घाल. फक्त इस्त्री केलेलं घाल. आणि सभागृहात कुणाला समास सोडवून दाखवू नकोस." दार लावून गेली, परत उघडून म्हणाली, "आणि आईला नवं काहीतरी घ्यायला लाव. मला ती कोटाशिवाय आठवतच नाही." यात मुलीचा दोष नाही. आठवणार कुठून? सणावाराला, लग्नकार्याला, ताई अर्ध्यातून उठून कामावर जाते, म्हणून कोट बरोबरच असतो.

त्या इमारतीत कोटाचा एक अलिखित कायदा आहे. कोट अंगावर असला की कोणी हाक मारली तरी उठायचं. प्राध्यापक असो, विद्यार्थी असो, वाट चुकलेला पाहुणा असो. हाकही नावाने नसते — "अहो कोट, जरा इकडे." सभागृहाच्या सगळ्या किल्ल्या कोटाच्या डाव्या खिशात. ताई रजेवर गेली की किल्ल्या दुसरीकडे सोपवते आणि कोट खुंटीवर टांगते. कोट खुंटीवर, तर ताई माणसांत. मी तिला एकदा म्हटलं होतं, हा गणवेश नव्हे, ही उपाधी आहे. काढली की शुद्ध आत्मा उरतो. ती म्हणाली, "आत्म्याला भाजी निवडायची आहे, सरक जरा."

गेल्या वर्षीचं आठवलं. उपाहारगृहातल्या आचाऱ्याच्या मुलाचं पदवीदान होतं. आचाऱ्याने आग्रह केला म्हणून ताई कामातून वेळ काढून पाहुण्यांत जाऊन बसली, अंगावर कोट तसाच. बसली न बसली तोच पुढच्या रांगेतल्या कुणी मागे वळून पाहिलं, कोट पाहिला आणि पडदा नीट करायला सांगितलं. मग कुणाला खुर्ची हवी झाली. आचाऱ्याचा मुलगा कधी व्यासपीठावर आला आणि कधी उतरला, तिने पाहिलंच नाही. घरी येऊन हसत हसत सांगितलं होतं तिने. मीही हसलो होतो.

तेव्हा कोट चालत होता. काम करायला चालतो. बसायला चालत नाही. वा रे न्याय!

९ फेब्रुवारी, रविवार

बूट घेतले. तपकिरी. डाव्या पायाला चावतात, उजव्याला नुसते गुरगुरतात. दुकानदार म्हणाला, "वापरून सैल होतील." विवाहाबद्दलही लोक हेच सांगत आले, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही.

दुपारी ताईची धाकटी जोडीदारीण आली होती, सभागृहातच काम करणारी. स्वयंपाकघराच्या टेबलावर किल्ल्यांचा जुडगा पसरून ताई तिला शिकवत बसली — ही पडद्याच्या खोलीची, ही कोठीची, ही फिरत नाही, हिला आधी वर उचल आणि मग वळव. ती पोरगी चुकली की ताई पुन्हा पहिल्यापासून. मी म्हटलं, घरी येऊनही तेच का? ताई म्हणाली, "असू दे. शिकायला हवं तिने."

संध्याकाळी शिंपिणीकडून ताईचं कापड शिवून आलं. जांभळं. गडद, पिकलेल्या जांभळासारखं. अंगाला लावून आरशासमोर उभी राहिली, मी दिसल्यावर चटकन घडी केली. माझा संताप दुप्पट झाला. कागदाचा एक कपटा आला आणि ही बाई स्वतःची वर्षानुवर्षांची ओळख उतरवून दुसरं काहीतरी अंगावर चढवायला निघाली! म्हटलं, तू लाजतेस का त्या कोटाची?

"मी कशाला लाजू?"

"मग घालून जा. ताठ मानेने जा. मी याच्यावर लिहिणार आहे."

ती एकदम थांबली. "नको लिहूस."

"घाबरू नकोस. तुझं नाव येणार नाही."

"घाबरत नाही रे. मी सांगते म्हणून नको लिहूस. तो नियम बरा आहे."

मी तिला समजावलं, की ज्याच्या पायात साखळी वर्षानुवर्षं असते त्याला ती पैंजण वाटायला लागते. बराच वेळ बोललो. बोलणं साधलं होतं. ती ऐकून घेत होती. मधे एकदा "अरे, पण—" म्हणाली, पण मी तेव्हा ऐन रंगात होतो. मग तिने दूध उतू जातंय म्हणून उठून गॅस बंद केला.

१० फेब्रुवारी, सोमवार

लेख लिहिला. एका बैठकीत.

बसच्या चालकाला विचारलं होतं — फेरी संपवून थेट मुलाच्या समारंभाला जावं लागलं तर? म्हणाला, "बसमध्ये कपडे कुठे बदलू? प्रवाशांसमोर?" इस्पितळातल्या परिचारिकेला विचारलं. ती म्हणाली, "माझ्या पांढऱ्या कपड्यांना लोक वाट करून देतात आणि हे बाहेर काढणार?" दोघांचा शब्दन् शब्द घातला. शेवटी एक आई घातली — नाव न घेता — जिने ते सभागृह झाडलं, सजवलं, आणि जिला तिथल्या खुर्चीवर बसायला मात्र वेष बदलावा लागणार. शेवटचं वाक्य: 'हा कोट उतरवायला सांगणाऱ्यांनी तो एक दिवस घालून पाहावा.'

हे वाक्य मला फार आवडलं. दोनदा मोठ्याने वाचलं. ताई आत होती. ऐकू गेलं असणार.

१२ फेब्रुवारी, बुधवार

छापून आला. पहिल्या पानावर, खालच्या बाजूला! शब्दाला शब्द. संपादकांनी हातसुद्धा लावला नाही. असं माझ्या फक्त निधनवार्तांच्या बाबतीत होतं.

चहाच्या टपरीवर तीन अनोळखी माणसांनी हात मिळवला. बसचालकाने भाडं घेतलं नाही. मी जबरदस्तीने दिलं, तो रागावला. टिटवीच्या वर्गातल्या मुलांनी लेख फलकावर लावला म्हणे. टिटवी घरी आली ती गप्प — म्हणजे टिटवीच्या मानाने गप्प. "मामा, छान लिहिलंयस," म्हणाली. "पण आईला विचारलं होतंस ना?"

विचारलं म्हणजे काय, तिच्याशी तासभर बोललो होतो.

ताईने वर्तमानपत्र दुमडून कपाटात ठेवलं. भिडस्त आहे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

जिंकलो!!

महाविद्यालयाचं नवं परिपत्रक. सातवी सूचना रद्द. इतकंच नव्हे — 'श्रमाच्या गणवेशाचा महाविद्यालयाला अभिमान आहे. सेवक-पालक आपल्या गणवेशातच, सन्मानपूर्वक, पहिल्या रांगेत आसनस्थ होतील.' माझ्या लेखातली मागणी, माझेच शब्द, 'आसनस्थ'सुद्धा माझाच. चोरलं तर चोरलं.

कार्यालय अधीक्षकांनी स्वतः दूरध्वनी केला. स्वर जरा पडलेला होता. "तुमच्या म्हणण्याप्रमाणे केलंय," म्हणाले. "तुमच्या ताई काय म्हणतात?" मी म्हटलं, तिला काय म्हणायचं ते मीच लिहिलंय. यावर ते 'बरं' म्हणाले. पराभूत माणसाला अजून काय सुचणार.

ताईला परिपत्रक वाचून दाखवलं — पहिली रांग, सन्मानपूर्वक, आसनस्थ. तिने हात पुसले. म्हणाली, "मग कोटाला नीट इस्त्री करायला हवी."

याला म्हणतात स्वाभिमान.

१५ फेब्रुवारी, शनिवार

धाकटी जोडीदारीण किल्ल्या शिकायला आली होती. ताईने तिला दारातूनच परत पाठवलं — "आता गरज नाही."

१८ फेब्रुवारी, मंगळवार

बूट घालून घरात येरझारा घालतो आहे. टिटवी म्हणते, घरात पोलीस आल्यासारखं वाटतं.

जांभळा पोशाख कपाटात वरच्या खणात गेला. मी म्हटलं, समारंभाच्या दिवशी संध्याकाळी आपण तिघं बाहेर जेवायला जाऊ तेव्हा घाल. ताई म्हणाली, "बघू." तिच्या 'बघू'ची मला चांगली ओळख आहे; त्यात बघण्यासारखं काही नसतं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

उद्या समारंभ. टिटवीने झगा घालून दाखवला. टोपी तिरकी बसते. ताईने ती आपल्या हाताने सरळ केली आणि तशीच धरून उभी राहिली बराच वेळ. "उद्या माझ्याकडे बघशील ना व्यासपीठावरून?" — ताई. "तुझ्याकडेच बघेन. मामाकडे बघितलं तर हसू येईल." — टिटवी.

२२ फेब्रुवारी, शनिवार

लिहायला बसलोय. क्रमाने लिहितो. मी वार्ताहर आहे, क्रमाने लिहायलाच हवं.

पहिली रांग. मधोमध दोन खुर्च्या. ताईचा कोट असा कडक की बसताना वाजला. एका छायाचित्रकाराने आमचं चित्र घेतलं. मी ताठ. बूट चावत होते, तरी ताठ.

दीप-भाषण-स्वागत असं नेहमीचं सुरू झालं. प्रमुख पाहुणे उभे राहिले तेवढ्यात मागच्या बाईंनी ताईच्या खांद्यावर बोट टेकलं. "अहो, तो पंखा जरा कमी करता? केस उडतायत." ताई उठली. पंखा कमी केला. येऊन बसली. मी मागे वळून म्हटलं, बाई, ह्या पालक आहेत. त्या म्हणाल्या, "हो का? मला काय माहीत!" आणि पुन्हा केस सारखे करू लागल्या.

मग कडेच्या गृहस्थांना पाणी हवं झालं. ताई उठली. मी तिचा हात धरला. ती म्हणाली, "सोड रे. सवय आहे." पाणी आणून दिलं. येऊन बसली. मग कुणीतरी मूल घेऊन आलं होतं, त्याला जास्तीची खुर्ची. त्या माणसाला मी ओरडूनच बोललो — हळू आवाजात ओरडता येतं तेवढं. "ही आपल्या मुलीच्या समारंभाला आली आहे." तो काही वाईट माणूस नव्हता. खरंच गोंधळला. म्हणाला,

"मग कोट कशाला घातलाय?"

मला उत्तर आलं नाही. मला! घटपटादि खटपट करत उभा जन्म गेला, आणि सात-आठ शब्दांत उत्तर आलं नाही.

नावं पुकारायला सुरुवात झाली. टिटवीची ओळ व्यासपीठाच्या पायऱ्यांशी आली. टोपी आज सरळ होती. ताई खुर्चीच्या कडेवर पुढे सरकून बसली, दोन्ही हात मांडीवर, शाळेतल्या मुलीसारखी. आणि पडद्याआडून एक प्राध्यापक डोकावले. पदव्यांची दुसरी पेटी अजून कोठीत होती. कोठीला कुलूप. त्यांनी पहिल्या रांगेवर नजर टाकली, कोट दिसला, बोट हलवलं.

किल्ली कोटाच्या डाव्या खिशात.

मी म्हटलं, मला दे, मी जातो. ताई म्हणाली, "ती तुला फिरायची नाही. आधी वर उचलावी लागते." आणि गेली. धावत गेली, लवकर येता यावं म्हणून.

टिटवीचं नाव पुकारलं. पूर्ण, खरं नाव. ती मधोमध आली आणि आमच्याकडे पाहिलं. मी होतो. शेजारी खुर्ची होती. तिने पुन्हा पाहिलं, रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. प्राचार्य पदवी पुढे धरून उभे होते, ते तिच्या लक्षातच येईना. लोकांना वाटलं, मुलगी गोंधळली. मग तिने पदवी घेतली, वाकली, आणि उतरली. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या, काय करणार होतो?

ताई आली तेव्हा पुढचं नाव चाललं होतं. हाताला पेटीची धूळ. ती कोटाला पुसत बसली.

"झालं?"

"झालं."

"कशी दिसली रे?"

जन्मभर समारंभांची वर्णनं लिहून पोट भरलं मी. कोण काय नेसलं होतं, कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं, सगळं. मी म्हणालो, "चांगली."

रात्रीचं बाहेरचं जेवण झालं नाही. कुणी विषयही काढला नाही.

निर्लज्ज लोक! सन्मानपूर्वक आसनस्थ म्हणे! पहिल्या रांगेत बसवायचं आणि बोटाने उठवायचं! उद्या दुसरा लेख लिहितो. त्या प्राध्यापकाचं बोटसुद्धा सोडणार नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

लिहिला. पहिल्यापेक्षा जळजळीत. उद्या आधी अधीक्षकांच्या तोंडावर वाचून दाखवणार, मग छापायला.

२४ फेब्रुवारी, सोमवार

अधीक्षकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग चष्मा काढून म्हणाले, "सातवी सूचना आमच्या डोक्यातून निघाली नव्हती हो. गेल्या वर्षी समारंभ संपला, त्याच संध्याकाळी तुमच्या ताई इथे येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, पुढच्या वर्षी माझ्या मुलीचा आहे. त्या दिवशी मला कोट घालायची बंदीच करा. नुसती रजा नको, रजेवरच्या माणसालाही लोक कोट घालायला लावतात. माझं नाव मात्र कुणाला सांगू नका, बाकीच्या जणी हसतील."

मी विचारलं, मग रद्द का केली?

"तुमचा लेख आल्यावर त्यांनाच विचारलं की, काय करू? म्हणाल्या — भाऊ आहे माझा. फार मनापासून लिहिलंय त्याने. त्याच्या म्हणण्याप्रमाणे होऊ द्या."

घरी आलो. ताई कोट घालून कामावर निघाली होती. तिला म्हटलं, पाच मिनिटं कोट काढ आणि बस. टिटवी कशी दिसली ते सांगायचं राहिलंय.